पट्टी कुणीकडं

वडणग्याच्या दूध संस्थेचं फॅट मशीन
तिसऱ्यांदा आलं, खताच्या पोत्यात गुंडाळून,
स्कूटरवर, पायाशी.
सचिव खोतांनी टेबलावर ठेवलं
आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "मुजावर कुठायत?"

पहिल्या वेळी गुन्हा सरळ होता.
पहाटे पाचला लाईट गेलेली, बाहेर किटल्यांची रांग,
कुणीतरी मोबाईलच्या उजेडात दोन्ही बॅटऱ्या बदलल्या
आणि तांबडी वायर काळीच्या जागी लावली.
एवढंच.
झाकण उघडायच्या आधीच वास आला.
उद्यमनगरात फौंड्र्यांचा धूर दिवसभर नाकात असतो,
तरी हा वास त्यात मिसळत नाही.

मी रेग्युलेटर बदलला, आणि वाटेत एक डायोड घातला.
उलटा आलास तर दार बंद.
दस्तगीरचाचांना दाखवलं.
"सात दशांश व्होल्ट खातोय त्यो."
"खाऊ दे की," मी म्हटलो
(आमच्या गल्लीत पोरीसुद्धा म्हटलोच म्हणतात),
"राखणदार ठेवला की भाकरी घालायला लागतीच."
चाचा हसले. मला वाटलं, झालो पास.

दोन महिन्यांनी तेच मशीन, तोच रेग्युलेटर, मेलेला.
तांबडी तांबडीच्या जागी. डायोड शाबूत.
नवा रेग्युलेटर घालून सकाळपासून मीटर लावून बसलो.
चोवीस येत होते, बारा जात होते,
ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या जागी.
चहा गार झाला.
चाचा म्हणाले, "चालू असताना काय बघतीस?
बंद करून बघ."

बंद केलं.
आणि दिसलं, मीटरच्या काट्यात, डोळा लवतो तेवढ्यात:
पावती छापणारी मोटर थांबता थांबता
अलीकडचा सगळा दाब चाटूनपुसून संपवत होती,
आणि पलीकडं तो जाडा कपॅसिटर, बावीसशेचा, गच्च भरलेला.
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की दुकान मिटलं.
जे आलेलं, ते घेऊन तो निघाला
आलेल्याच दारानं
मागं.

"विहिरीवरच्या मोटरीची फूट व्हॉल्व बघितलीस?" चाचा सांगत होते,
पण मी तिथं नव्हतो.
मी कुंभार गल्लीत होतो, नऊ वर्षांचा, बाकावर उभा.
पाऊस थांबलेला. लख्ख ऊन.
फळ्यांवर ओळीनं कच्चे गणपती, अजून डोळे न आखलेले.
जयंती नाला रोज मुकाट नदीकडं जायचा,
त्या दिवशी नदीच त्याच्या अंगातनं चालत आली
आमच्या उंबऱ्यापर्यंत.
आई छपराकडं बघत म्हणत होती,
"वरनं तर गळत न्हाई, मग आलं कुठनं?"
खालच्या फळीवरचे गणपती पुन्हा माती झाले,
कुठलाही आवाज न करता.

मग मी दुसरा डायोड लावला,
रेग्युलेटरच्या डोक्यावरनं, जायच्या टोकाकडनं यायच्या टोकाकडं,
पुराला गल्लीबाहेरनं वाट.
चाचांनी भिंगातनं बघितला. बराच वेळ.
दिवाळीनंतर ते दुकानात आले नाहीत. मोतीबिंदू, आणि हात.

"मुजावर कुठायत?"
"घरी. काय झालंय मशीनला?"
"बटण दबत नाही."
उघडलं. रबर झिजलेलं, आत दुधाची साय वाळलेली.
रेग्युलेटर जित्ता, हाताला कोमट.
खोतांनी वाकून बोट दाखवलं, "हे तुम्ही काय चिकटवलंय?
आमच्याकडचा वायरमन म्हणतो, काढून टाका,
ते काहीच काम करत नाही."
"नाही करत," मी म्हटलो. "चालू असताना तर अजिबातच नाही."
त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा बघितलं.
बिल केलं: बटण, साठ रुपये.

संध्याकाळी चाचांचा फोन.
कोण आलं, कोण गेलं, पटेलनं सोल्डर दिलं का,
आणि मग, सहज विचारल्यासारखं,
"वडणग्याचं आलतं म्हणं. पट्टी कुणीकडं हाय?"
"यायच्या बाजूला."
पलीकडं थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
"मग ठेव," ते म्हणाले.